मुलांना विज्ञानाकडे कसे वळवावे: सातारा-सांगलीच्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी

दहावीचा निकाल लागला की सातारा, कराड, सांगली, मिरज या सगळ्या शहरांत विज्ञान शाखेच्या प्रवेशासाठी रांगा लागतात. त्या रांगेतील बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात नीट किंवा सीईटी असते, आणि त्या परीक्षांत हवे तेवढे गुण पडले नाहीत की विज्ञानाशी असलेला त्यांचा संबंधही तिथेच संपतो. संशोधक, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, हवामान किंवा भूकंप यांचा अभ्यासक, संख्याशास्त्रज्ञ अशी कामे आपण करू शकतो, हे त्यांतील फार थोड्यांच्या डोक्यात आलेले असते. हे लेखन सातवी ते दहावीच्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी, त्यांच्या पालकांसाठी आणि शाळेसाठी काही करू इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी आहे. अकरावीला प्रवेश होईपर्यंत घरातील निर्णय बहुधा पक्का झालेला असतो, म्हणून जे करायचे ते त्याआधी करावे लागते.

सुरुवात भाषणाने करू नये

चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 28 फेब्रुवारी 1928 रोजी लावलेल्या शोधाच्या स्मरणार्थ 1987 पासून त्या तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. आपल्याकडे तो बहुतेक शाळांत प्रतिमापूजन, पाहुण्यांचे मनोगत आणि आभारप्रदर्शन या क्रमाने पार पडतो. त्यात वाईट काही नाही, पण पाऊण तास मांडी घालून बसलेल्या मुलाला त्यातून एवढेच कळते की विज्ञान ही फार थोर माणसांची गोष्ट आहे. थोरवी ऐकून आदर निर्माण होतो. ते काम आपण करावे अशी इच्छा मात्र स्वतः काहीतरी मोजल्यावर आणि आलेले उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळे निघाल्यावर निर्माण होते. म्हणून पहिली पायरी म्हणजे मुलांच्या हातात एक खरा प्रश्न देणे.

खरा प्रश्न म्हणजे ज्याचे उत्तर पाठ्यपुस्तकाच्या मागच्या पानावर नाही, जो शाळेतल्या साधनांनी दीड-दोन महिन्यांत तपासता येतो, आणि ज्याचे नेमके उत्तर शिक्षकालाही आधीपासून ठाऊक नसते. ही शेवटची अट शिक्षकांना अवघड वाटते, पण तीच सर्वांत महत्त्वाची आहे, कारण शिक्षकांना उत्तर माहीत आहे हे कळताच मुले प्रयोग सोडून शिक्षकांच्या चेहऱ्याकडे पाहू लागतात.

आपल्या दोन जिल्ह्यांत अशा प्रश्नांची कमतरता नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. मग या दोन टोकांच्या मधल्या आपल्या गावात किती पडतो, आणि शेजारच्या गावात तेवढाच पडतो का? सरळ भिंतीच्या बरणीत पट्टी लावून, ती झाडा-भिंतींपासून दूर उघड्यावर ठेवून, रोज सकाळी साडेआठला पाणी मोजले की चार शाळा मिळून एका पावसाळ्यात या प्रश्नाचे उत्तर काढू शकतात. हरिपूरला हळदीचे पेव, म्हणजे जमिनीखालचे कोठार, उघडल्यावर माणूस लगेच आत का उतरत नाही? पुराच्या दिवसांत सांगलीतील प्रत्येक घर आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी फुटांत सांगते, 45 फुटांची धोक्याची पातळी लहान मुलांनाही पाठ असते. तर वर धरणातून विसर्ग वाढल्यावर ती पातळी किती तासांनी वाढते, हे कोणी वहीत मांडून पाहिले आहे का?

एक प्रयोग सविस्तर: बेदाण्याचा

तासगाव आणि आसपासच्या गावांतील मुलांसाठी याहून चांगला विषय सुचवणे कठीण आहे. द्राक्षे वाळवण्यासाठी शेडवर टाकण्यापूर्वी ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांच्या द्रावणात बुडवतात, हे तिथल्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असते, पण का बुडवतात असे विचारल्यावर बहुतेकांचे उत्तर ‘लवकर वाळतात म्हणून’ यापुढे जात नाही. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा पातळ थर असतो आणि तो आतले पाणी बाहेर जाऊ देत नाही. इथाइल ओलिएट हा डिपिंग ऑइलमधला मुख्य घटक आणि अल्कधर्मी कार्बोनेट यांमुळे त्या थराची रचना बिघडते, साल न फाटता पाण्याला वाट मिळते, आणि एरवी तीन-चार आठवडे घेणारे घड पंधरवड्याच्या आसपास वाळतात. एवढे सांगून थांबले तर तो पुन्हा एक धडाच झाला, म्हणून सांगण्याआधी प्रयोग करावा.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात एकाच वेलीवरचे, शक्यतो सारख्या आकाराचे आठ घड घ्यावेत आणि त्यांच्या दोन-दोनच्या चार जोड्या कराव्यात. पहिली जोडी नुसत्या पाण्यात बुडवावी, दुसरी लिटरला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट घातलेल्या पाण्यात, तिसरी लिटरला 15 मिली डिपिंग ऑइल घातलेल्या पाण्यात, आणि चौथी दोन्ही एकत्र असलेल्या द्रावणात, सगळ्या सारखाच वेळ, म्हणजे दोन ते चार मिनिटे. नंतर सगळे घड एकाच सावलीत, हवेशीर जागी टांगावेत आणि रोज ठरलेल्या वेळी स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर त्यांचे वजन घ्यावे. द्रावण हाताळताना हातमोजे घालावेत, ते डोळ्यांजवळ नेऊ नये, आणि प्रयोगातला बेदाणा खाऊ नये. हा नियम पहिल्या दिवशीच सांगावा, कारण आठव्या दिवशी तो कोणी ऐकत नाही.

या प्रयोगाचे खरे मोल दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडीत आहे. मुले बहुधा दोनच जोड्या सुचवतात, बुडवलेली आणि न बुडवलेली. तेव्हा ‘नेमका कशाचा परिणाम झाला हे यातून कसे कळेल?’ एवढेच विचारावे आणि गप्प बसावे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशास्त्राचा पाया त्या शांततेत मुलांना स्वतःच सापडतो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो हे घरात ऐकलेले असल्यामुळे वजनाचा आलेख कुठे सपाट होणार याचा अंदाजही त्यांना आधी बांधता येतो, आणि तो चुकला तर कारण शोधता येते. एखादा घड बुरशीने खराब झाला तर तो गुपचूप काढून टाकू देऊ नये. वहीत तारीख घालून तशी नोंद करायला लावावी.

थॉम्पसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षाच्या बागेत वेगळी दिसणारी वेल हेरून, ती वाढवून तास-ए-गणेश हे वाण पुढे आणणारा माणूस तासगाव भागातला शेतकरीच होता, हेही याच ओघात सांगावे. निरीक्षण, निवड आणि पडताळणी या गोष्टी आपल्या शिवारात पूर्वीपासून होत आल्या आहेत, एवढे मुलांच्या लक्षात आले तरी खूप झाले.

दोन शाळांनी मिळून करायचा प्रयोग

ज्यांच्याकडे द्राक्षे नाहीत त्यांच्यासाठी सावली आहे, आणि तिच्यावरून पृथ्वीचा परीघ मोजता येतो. सातारा सुमारे 17.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि सांगली सुमारे 16.85 अंशांवर. 20 किंवा 21 मार्चला दोन्ही ठिकाणच्या एकेका शाळेने एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने उभी करून मध्यान्हीची सर्वांत आखूड सावली मोजली, तर साताऱ्यात ती सुमारे 31.9 सेंटिमीटर आणि सांगलीत सुमारे 30.3 सेंटिमीटर भरते. त्या दिवसांत मध्यान्ह बाराला होत नाही, ती बारा चाळीसच्या सुमारास होते, म्हणून बारा वीस ते एक या वेळात दर दोन मिनिटांनी खूण करावी. सावलीची लांबी भागिले काठीची उंची हे गुणोत्तर घेऊन दहावीच्या त्रिकोणमितीने दोन्ही कोन काढावेत. कोनमापकाने काढू नयेत, कारण दोन कोनांतला फरकच एक अंशापेक्षा कमी आहे. हा फरक आणि नकाशावरून काढलेले दोन गावांतील उत्तर-दक्षिण अंतर, म्हणजे सुमारे 92 किलोमीटर, यांवरून पृथ्वीचा परीघ काढता येतो. रस्त्याचे अंतर घेतले तर उत्तर साफ चुकते, आणि ते कोणीतरी घेतेच.

सावलीचे टोक अंधुक असते ही यातली अडचण. काठीच्या माथ्यावर बारीक भोक पाडलेला पुठ्ठा आडवा लावला आणि जमिनीवर पडणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याचा मध्य धरला, तर ती बरीच कमी होते. अर्थात मग उंची त्या भोकापर्यंतच मोजावी. एका शाळेच्या मापात फक्त एक मिलिमीटरची चूक झाली तरी परिघाच्या उत्तरात सुमारे अडीच हजार किलोमीटरचा फरक पडतो. हा आकडा मुलांना स्वतः काढू द्यावा. मापातील अचूकतेविषयी वर्षभर सांगून जे पोचत नाही ते या एका गणिताने पोचते, आणि दुसऱ्या जिल्ह्यातील अनोळखी मुलांच्या आकड्यांवर आपले उत्तर अवलंबून असणे हा अनुभव संशोधनाच्या कामाशी फार जवळचा आहे.

प्रदर्शने आणि स्पर्धा

तालुका पातळीवरील विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी दिसणारा खाण्याच्या सोड्याचा ज्वालामुखी आणि सिरिंजवर चालणारा जेसीबी यांना आता विश्रांती द्यायला हरकत नाही. विकत आणलेली किंवा पालकांनी रात्रभर जागून बनवलेली प्रतिकृती मुलाला काहीच शिकवत नाही, आणि परीक्षकांनी ‘हे कसे चालते?’ याऐवजी ‘तुझ्या वहीत काय नोंदले आहेस?’ असे विचारायचे ठरवले तर हा प्रकार दोन वर्षांत थांबेल असे मला वाटते. सहावी आणि नववीसाठी असलेली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, कृतिप्रकल्प आणि मुलाखत घेते, त्यामुळे ती उपयुक्त आहे. मात्र तिच्यासाठीही घोकंपट्टीचे क्लास निघाले आहेत, त्यांपासून जपावे. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत शाळेने पाठवलेली कल्पना निवडली गेली तर विद्यार्थ्याला 10,000 रुपये मिळतात. इथेही गावातली खरी अडचण शोधून आणणाऱ्या मुलाला शाळेने पुढे करावे, फक्त पहिल्या क्रमांकाच्या मुलाला नव्हे.

माणसे दाखवावीत, जवळची

चरित्रे सांगायचीच असतील तर कामाची पद्धत दाखवणारी सांगावीत. खटाव तालुक्यातील बुध या गावी 27 जुलै 1911 रोजी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले, ही गोष्ट त्यांच्या जिल्ह्यातल्याच किती विद्यार्थ्यांना माहीत असेल? पीक किती येईल याचा अंदाज पूर्वी नजरेने, आणेवारीने बांधला जाई. त्याऐवजी शेते यादृच्छिक पद्धतीने निवडून, त्यांतला ठरावीक तुकडा कापून, वजन करून संपूर्ण क्षेत्राचे उत्पादन काढण्याची नमुना पद्धत देशात रुजवणाऱ्यांत सुखात्मे होते. हे सांगून मुलांना ज्वारीच्या शेतात न्यावे. आधी प्रत्येकाने नजरेने उत्पादनाचा अंदाज लिहावा, मग चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या जागी एक मीटर बाय एक मीटरचे चौकोन आखून कणसे मोजावीत. रस्त्याकडेचा चांगला दिसणारा भाग निवडण्याचा मोह चिठ्ठी कशी मोडून काढते, हे शेतात उभे राहिल्यावर चटकन कळते.

जिवंत माणसे त्याहून उपयोगी. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचा ब्रिक्स, म्हणजे त्यात विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, घन पदार्थांचे प्रमाण, काढणारी केमिस्ट, माती परीक्षण केंद्रातला तंत्रज्ञ, शाळेतूनच शिकून पुण्यात पीएचडी करणारी माजी विद्यार्थिनी अशांना बोलवावे, आणि त्यांना व्याख्यान देऊ देऊ नये. मुलांनी आधी लिहून ठेवलेले प्रश्न विचारावेत: सकाळी कामावर गेल्यावर पहिले काय करता, गेल्या वर्षात काय फसले, पगार किती आहे, घरच्यांनी विरोध केला होता का. पगाराचा प्रश्न मुले विचारतातच आणि शिक्षक डोळे वटारतात. तो प्रश्न विचारू द्यावा.

सहलीचेही तसेच. कास पठारावर फुलांसमोर फोटो काढून परत येण्याऐवजी पाच-पाच मुलांच्या गटाला एकेक प्रश्न द्यावा. जांभ्या खडकावरच्या जेमतेम मातीत नायट्रोजन कमी असताना दवबिंदू आणि सीतेची आसवे या वनस्पती कीटक का पकडतात? वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावातच साताऱ्याचे नाव का आहे? पठार 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तेव्हा रेखलेल्या वाटेबाहेर एकही पाऊल टाकायचे नाही, हेही वैज्ञानिक शिस्तीत मोडते. कोयना परिसराचा विषय निघाला तर 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाच्या आठवणी आजी-आजोबांकडून लिहून घेण्यापासून सुरुवात करावी, आणि मग जलाशयाचा भार व खडकांच्या भेगांत झिरपणाऱ्या पाण्याचा दाब यांचा भूकंपाशी संबंध काय, या प्रश्नाकडे वळावे. याच प्रश्नासाठी कोयना परिसरात सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले, आणि त्या कामासाठी केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा कराडला आहे. जगभरचे भूकंपशास्त्रज्ञ ज्या जागेचा अभ्यास करतात ती आपल्या एसटीच्या अंतरावर आहे, हे पाटण-कराडच्या मुलांना कळायला हवे. अशा ठिकाणी भेट हवी असल्यास शाळेच्या पत्राने, पुरेशी आधी परवानगी मागावी.

पालकांशी बोलताना

‘पुढे काय?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर देताना गोड करून सांगू नये. बारावीनंतर मूलभूत विज्ञान शिकायचे असेल तर पुण्यासह देशात सात ठिकाणी आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, आहेत, त्यांची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते आणि अभ्यासक्रम पाच वर्षांचा. भुवनेश्वरची नायसर आणि मुंबईची सीईबीएस या मूलभूत विज्ञानाच्याच संस्थांसाठी नेस्ट ही वेगळी परीक्षा आहे. पुढे पीएचडीला साधारण पाच वर्षे लागतात. त्या काळात राष्ट्रीय पातळीवरची कनिष्ठ संशोधन अभ्यासवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 आणि नंतर 42,000 रुपये मिळतात. म्हणजे घरून पैसे लागत नाहीत, पण कायमच्या नोकरीला तिशी उजाडू शकते. हे दोन्ही एका दमात सांगावे. ज्या घराला तेवढे थांबणे परवडत नाही त्यांना बीएस्सीनंतरच्या वाटा दाखवाव्यात: अन्न तपासणी, साखर आणि औषध उद्योगातील प्रयोगशाळा, हवामान खात्यातील वैज्ञानिक सहायक, भाभा अणुसंशोधन केंद्रातील प्रशिक्षणार्थी. साताऱ्याचे यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स किंवा सांगलीचे 1919 पासूनचे विलिंग्डन महाविद्यालय यांतून घरी राहून बीएस्सी करता येते, आणि ती दुय्यम निवड आहे असे मुलासमोर कोणी म्हणू नये.

मुलींच्या बाबतीत अडथळा आवडीचा नसतो. बेदाण्याची वजने सर्वांत नेमाने नोंदवणाऱ्या बहुधा मुलीच असतात, आणि बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी त्यांच्यातल्याच काहींची लग्ने ठरतात. आई-वडिलांना वसतिगृह, प्रवास आणि सुरक्षितता यांची काळजी असते, त्या काळजीला उपदेशाने उत्तर मिळत नाही; त्याच वसतिगृहात राहिलेल्या गावातल्या मुलीच्या आईशी त्यांची गाठ घालून द्यावी. हे काम शिक्षिका शिक्षकांपेक्षा चांगले करतात.

मराठी माध्यमातील मुलांना अकरावीत इंग्रजी पुस्तकांचा धसका बसतो आणि विषय आवडत असूनही ती मागे पडतात. नववीपासून आठवड्यातून एक तास तोच धडा इंग्रजी पुस्तकातून वाचून घ्यावा, आणि शंका आल्यावर वाईहून तयार झालेला मराठी विश्वकोश पाहायला लावावा. तो संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

शेवटी कागदपत्रे, कारण गुणवत्ता असूनही संधी हुकण्याचे हे फार सामान्य कारण आहे. आठवीतील एनएमएमएस ही कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झालेल्या, शासकीय व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांना बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात, पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला वेळेत लागतो. केंद्रीय संस्थांना इतर मागासवर्गाचा किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा असतो. राज्याच्या नमुन्यातला चालत नाही, आणि हे प्रवेशाच्या आठवड्यात कळले तर सेतू केंद्रात पालकांची नुसती धावपळ होते. दहावीच्या सुट्टीतच जातीचा, अधिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला काढून घ्यावा, आधार, शाळेचा दाखला आणि गुणपत्रिका यांवरील नावाचे स्पेलिंग एकच आहे का ते तपासावे, आणि वडिलांच्या नावात फरक असेल तर त्याची दुरुस्ती त्याच उन्हाळ्यात सुरू करावी. शाळेच्या कार्यालयातील एका लिपिकाने आणि एका विज्ञान शिक्षकाने मिळून वर्षातून एक शनिवार या कामाला दिला, तर एका गावाचे काम उरकते.